शांत गावाचा पाहुणा

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



‘बर्बर’ हा शब्द कानी पडला की मराठी माणसाच्या मनात प्रथम रानटी, असंस्कृत असाच अर्थ येतो. ज्यांची भाषा आपल्याला कळत नाही अशा सर्व परकीयांना ग्रीकांनी एक शब्द लावला. त्या लोकांचे बोलणे त्यांना नुसती बडबड वाटे. संस्कृतातील ‘बर्बर’ हा शब्दही त्याच कुळातला. उत्तर आफ्रिकेच्या मूळ रहिवाशांना हे नाव बाहेरच्यांनी दिले आणि ते कायमचे चिकटले. ते स्वतःला मात्र ‘अमाझिघ’ म्हणवितात. त्याचे अनेकवचन ‘इमाझिघेन’. ‘स्वतंत्र माणूस’ असा त्याचा अर्थ सर्वसाधारणपणे सांगितला जातो. मोरोक्कोच्या डोंगरातील एखाद्या गावी जाणाऱ्या प्रवाशाने निघण्यापूर्वी एवढे समजून घेतलेले बरे. कारण यजमानाचे खरे नाव ठाऊक असणे हा पाहुण्याचा पहिला शिष्टाचार होय.

या लोकांशी आपला संबंध अगदीच नवा नाही. सुप्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता याचा जन्म १३०४ मध्ये मोरोक्कोतील टँजियर येथे झाला. तो लवाता या बर्बर टोळीच्या वंशातला. दिल्लीस येऊन महंमद तुघलकाच्या पदरी तो काझी झाला आणि १३४२ मध्ये सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे जाण्यास निघाला. वाटेत ग्वाल्हेर, धार, उज्जैन, दौलताबाद, नंदुरबार आणि खंबायत ही ठिकाणे त्याने पाहिली. पुढे समुद्रमार्गे तो गोव्याच्या बाजूसही आला. त्याच्या प्रवासवृत्तांतात मराठ्यांविषयी काही नोंदी आहेत. हे लोक कुशल कारागीर आहेत, वैद्यकी आणि ज्योतिष जाणतात, भात, भाज्या आणि तिळाचे तेल यांवर राहतात, जेवण्यापूर्वी अंग धुतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. पावणेसातशे वर्षांपूर्वी अमाझिघ वंशाचा एक माणूस आपल्या गावांतून फिरला आणि आपण काय खातो, केव्हा स्नान करतो हे त्याने आस्थेने पाहिले. त्या भेटीची परतभेट म्हणून आजच्या विषयाकडे पाहण्यास हरकत नाही.

मराकेश शहराच्या दक्षिणेस सपाट मुलूख संपतो आणि उंच ॲटलासची रांग सुरू होते. अस्नी या बाजाराच्या गावावरून वर जाणारी सडक साधारण साठ-पासष्ट किलोमीटरांवर इमलिल या गावी पोहोचते. तुबकाल हे ४,१६७ मीटर उंचीचे उत्तर आफ्रिकेतील सर्वोच्च शिखर याच खोऱ्याच्या माथ्यावर आहे. त्याच्या भोवतालचे राष्ट्रीय उद्यान १९४२ पासूनचे. इमलिलमध्ये दुकाने, खाणावळी आणि गिर्यारोहकांची वर्दळ असते. तेथून खेचरांच्या वाटेने तासभर चढून गेले की अरुम्द हे गाव लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटरांवर, दगडधोंड्यांच्या एका प्रचंड ढिगाऱ्यावर ते वसलेले आहे. दुरून पाहणाऱ्यास गाव कोठे संपते आणि डोंगर कोठे सुरू होतो हे चटकन उमगत नाही. कारण दोहोंचा रंग एकच.

जुनी घरे दगडाची. दगडांच्या मध्ये चिखल, वर लाकडी तुळया, तुळयांवर काटक्यांचा थर आणि त्यावर धुमसून बसविलेली माती. मराठवाड्यात ज्याला माळवद म्हणतात आणि खानदेशात धाबे, तेच हे छप्पर. उतारावरील वस्तीत खालच्या घराचे धाबे वरच्या घराच्या अंगणासारखे वाटते. तळाशी गाय, शेळ्या आणि खेचर, वर माणसे. घरातली सर्वांत उजेडाची, सर्वांत चांगल्या गालिच्याची खोली पाहुण्यासाठी राखलेली असते. धाब्यावर हंगामाप्रमाणे मका, अक्रोड किंवा सफरचंदाच्या फोडी वाळत पडलेल्या दिसतात. शरद ऋतूत अक्रोडाची झाडे लांब काठ्यांनी झोडपली जातात आणि त्या दिवसांत गावातल्या लहानथोरांचे हात अक्रोडाच्या हिरव्या सालीने काळे पडलेले असतात.

शहरातून आलेल्या प्रवाशास येथे प्रथम जाणवते ती शांतता. गल्ल्या अरुंद असल्याने वाहन आत येत नाही. पाण्याचा खळखळाट, खेचराच्या नालांचा आवाज, दिवसातून पाच वेळा मशिदीतून येणारी बांग, एखाद्या आईची हाक; एवढेच काय ते ऐकू येते. पुष्कळ प्रवासी या शांततेला निसर्गाची देणगी समजून परत जातात. काळाने हे गाव जसेच्या तसे ठेवले आहे, असेही ते घरी जाऊन सांगतात. हा समज बरोबर नाही. हे गाव गावकऱ्यांनी ठेवले आहे, आणि त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांची व्यवस्था आहे. ती व्यवस्था ज्याला दिसली, त्यालाच गाव दिसले असे म्हणता येईल.

या व्यवस्थेचा पाया पाणी हा आहे. डोंगरउतारावर दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांची वावरे केलेली असतात. वितळत्या बर्फाचे पाणी नदीतून पाटाने वळवून या वावरांत आणले जाते. पाटाला तेथे ‘तार्गा’ म्हणतात. पाट काढणे, पुरानंतर तो पुन्हा बांधणे, दरसाल त्यातला गाळ उपसणे ही सर्वांची कामे. आणि पाणी मिळते ते पाळीने. कोणत्या कुटुंबाची पाळी केव्हा, हे ठरलेले असते. दक्षिणेकडील कोरड्या मुलखात पाण्याच्या पाळीचा वेळ मोजण्यासाठी बुडाला बारीक भोक असलेले तांब्याचे भांडे पाण्यात सोडण्याची रीत होती. भांडे भरून बुडाले की एक माप पुरे झाले. आपल्याकडे लग्नमुहूर्तासाठी वापरले जाई ते घटिकापात्र याहून निराळे नाही. धुळे-नाशिक भागातील फड पद्धती आणि तिच्यातला पाटकरी ज्यांना माहीत आहे, त्यांना हा कारभार समजावून सांगण्याची गरज पडू नये. शिवाराच्या कडेने वाहणारा पाट प्रवाशाला पाय धुण्यास सोयीचा वाटतो. त्या क्षणी ते पाणी कोणाच्या तरी पाळीचे असते.

पाण्यासारखीच शिस्त कुरणाची. उकाइमेदेन नावाचे उंचावरचे एक विस्तीर्ण कुरण या खोऱ्याच्या पूर्वेस आहे. मार्चच्या मध्यापासून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत ते चराईस बंद ठेवण्याची परंपरा आहे. गवत फुलावर येऊन बी धरेपर्यंत कोणीही जनावर आत घालायचे नाही. ठरलेल्या दिवशी ते सर्वांना एकदमच खुले व्हायचे. अशा राखीव कुरणाला ‘अगदाल’ म्हणतात. सिदी फार्स या साधुपुरुषाची छाया या कुरणावर आहे, अशी लोकांची श्रद्धा आहे. देवाच्या नावाने राखलेल्या देवराईवर कोकणातला माणूस जसा कुऱ्हाड चालवीत नाही, तसेच हे आहे.

हे सर्व ठरविते ती गावातील कुटुंबप्रमुखांची सभा. तिला ‘जमाअ’ म्हणतात. मराठीतला ‘जमात’ हा शब्द त्याच अरबी मुळापासून आलेला. कोकणातील गावकी किंवा गोव्यातील गावकारी यांच्याशी तिचे साम्य सहज ध्यानात येते. पाटाची डागडुजी, मशिदीच्या शिक्षकाचे वेतन, बांधावरून झालेला तंटा, पुरात वाहून गेलेला साकव हे तिचे विषय. आज शासनाचे अधिकारी आणि निवडून आलेली मंडळे आहेत. तरीही गावपातळीवरील पुष्कळसे निर्णय याच बैठकीत होतात. या सभेत स्त्रिया सहसा बसत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. चाऱ्याचे भारे पाठीवर वाहणे, सरपण आणणे, भाकर भाजणे, जनावरे पाहणे आणि लोकर विणणे ही सारी कामे मात्र त्यांच्याच वाट्याला येतात. पहाटेच्या अंधारात पाठीवर भारा घेऊन उतरणारी बाई छायाचित्रात सुंदर दिसते; तो भारा हलका मात्र नसतो.

आता पाहुणचाराकडे वळू. घरात शिरलेल्या प्रवाशापुढे प्रथम येतो तो चहा. चिनी हिरवी पत्ती, पुदिना आणि भरपूर साखर घालून केलेला हा चहा उंचावरून धार धरून काचेच्या लहान पेल्यांत ओततात. त्याच्यासोबत ताजी भाकर, लोणी, मध किंवा ऑलिव्हचे तेल. भाकरीला तेथील भाषेत ‘अघ्रुम’ आणि पाण्याला ‘अमान’ म्हणतात. हे दोन शब्द आणि आभारासाठीचा ‘तनमिर्त’ एवढे जरी उच्चारले, तरी यजमानाच्या चेहऱ्यावर ओळख उमटते. पहिल्या पेल्यानंतर उठणे अप्रशस्त मानतात. सावकाश तीन पेले घ्यावेत, मधल्या वेळात बोलावे, बोलणे सुचले नाही तर गप्प बसावे. त्या मौनाने कोणाला अवघडल्यासारखे होत नाही.

पाहुण्याची कर्तव्ये थोडी आहेत, परंतु ती निश्चित आहेत. विचारल्यावाचून कोणाचे, विशेषतः स्त्रियांचे, छायाचित्र घेऊ नये. अंगभर वस्त्रे असावीत. मोरोक्कोत बहुतेक मशिदींत मुसलमानेतरांना प्रवेश नसतो. तेव्हा दारातून आत डोकावू नये. जेवण सर्वांचे एकाच थाळ्यातून होते. त्यात उजव्या हाताने आणि आपल्या समोरच्या भागातूनच खावे. मुलांच्या हातावर पैसे आणि गोळ्या ठेवू नयेत. त्याने त्यांना हात पसरण्याची सवय लागते. राहण्याचे, वाटाड्याचे आणि खेचरवाल्याचे पैसे मात्र ठरल्याप्रमाणे, घासाघीस न करता द्यावेत. येथे एक कठीण प्रसंग सांगणे प्राप्त आहे. २०१८ च्या डिसेंबरात इमलिलच्या परिसरात दोन युरोपीय तरुणींची अतिरेक्यांनी हत्या केली. मारेकरी बाहेरून आलेले होते. परंतु पाहुण्याचे रक्षण हा ज्यांच्या अब्रूचा विषय, त्या खोऱ्यातील लोकांना ते दुःख स्वतःच्या घरातले वाटले. त्यानंतर तुबकालच्या चढाईसाठी स्थानिक वाटाड्या सोबत असणे सक्तीचे झाले.

श्रोतेहो, ग्रंथालयाच्या या वास्तूत आणखी एका गोष्टीचा उल्लेख केलाच पाहिजे. ती पाहण्यासाठी उंच ॲटलास सोडून नैर्ऋत्येकडे, प्रति-ॲटलासच्या रखरखीत टेकड्यांत जावे लागते. तेथे अनेक जुन्या वस्त्यांच्या माथ्यावर किल्ल्यासारखी एक इमारत असते. ती कोणा सरदाराची नसून साऱ्या गावाचे धान्याचे कोठार आहे. तिला ‘अगादिर’ म्हणतात. अम्तुदी या गावाच्या वर कड्यावर उभे असलेले अगादिर प्रवाशांच्या परिचयाचे आहे. आत अरुंद बोळाच्या दोन्ही बाजूंना एकावर एक खोल्या. वरच्या खोलीपर्यंत चढण्यास भिंतीतून पुढे काढलेले दगड. प्रत्येक कुटुंबाची खोली वेगळी, तिचे दार वेगळे, किल्ली वेगळी. सबंध इमारतीवर एक राखणदार, ‘अमीन’. सातू, बदाम, तेल आणि मध यांच्याबरोबर दागिने, जमिनीचे दस्तऐवज आणि हस्तलिखितेही येथे ठेवीत. कोठारात चोरी केली, भांडण केले, दुसऱ्याच्या दाराला हात लावला तर किती दंड, याचे नियम लिहून ठेवण्याची प्रथा होती. पूर्वी ते लाकडी फळ्यांवर लिहीत. आपल्या घरातल्या बळदात किंवा पेवात जे ठेवायचे, ते या लोकांनी सर्वांच्या भरवशावर एका ठिकाणी ठेवले. एक साल पिकले नाही तर मागच्या सालचे धान्य येथे मिळे. आणि कागद हरवला तर वावर कोणाचे याचा पुरावाही येथेच सापडे.

या कोठारांच्या मुलखात विद्येचीही परंपरा मोठी आहे. सूस प्रांतातील महंमद अवझाल हा अठराव्या शतकातला पंडित. १७४९ मध्ये तो वारला. सामान्य माणसाला अरबी येत नाही म्हणून त्याने धर्मशास्त्राचे नियम लोकांच्या तश्लहीत भाषेत पद्यबद्ध केले. त्या ग्रंथाचे नाव ‘अल-हौद’. मराठीतला ‘हौद’ तो हाच. पंडितांच्या भाषेतले ज्ञान ओवीत उतरविणाऱ्या संतांच्या वारसांना या ग्रंथाचे मोल निराळे सांगावयास नको. तथापि या भाषेस राजमान्यता मिळण्यास फार काळ जावा लागला. अमाझिघ संस्कृतीसाठी शाही संस्था स्थापन झाली ती २००१ मध्ये. २००३ मध्ये तिफिनाघ ही प्राचीन लिपी अधिकृतपणे स्वीकारली जाऊन शाळांत भाषेचे अध्यापन सुरू झाले. अरबीबरोबर राजभाषेचा दर्जा २०११ च्या संविधानाने दिला. तोवर शतकानुशतके ही भाषा टिकविली ती घराघरांतील आयांनी, आज्यांनी आणि गावोगावच्या गायकांनी. राज्यकारभाराची भाषा एक आणि माजघरातली दुसरी, अशा गावांत राहून मराठी जपणाऱ्या वाचकांना यातले मर्म आतून कळेल.

मघाशी ज्या शांततेविषयी बोलणे झाले, तिला दुसरी एक बाजू आहे. वावरे लहान आणि तोंडे पुष्कळ, म्हणून डोंगरातील पुरुष कासाब्लांकास दुकाने चालविण्यास गेले. १९६० च्या दशकात फ्रान्सच्या कोळसा खाणींसाठी दक्षिण मोरोक्कोतून हजारो तरुण भरती झाले. गल्लीत दुपारी सामसूम असते, त्याचे एक कारण हेही आहे. २०१८ नंतरच्या सहा-सात वर्षांत देशात सतत अवर्षण पडले आणि कळप रोडावले. घराचे मागे राहिलेले भाडे, मुलीचे शिक्षण आणि आजाऱ्याचे औषध यांसाठी जी रोकड लागते, तिच्यातला मोठा वाटा इमलिलसारख्या खोऱ्यात आज प्रवाशांकडून येतो. तेव्हा ‘या गावांत कोणी जाऊच नये’ असे म्हणणेही अन्यायाचे होईल.

या सर्वांवर घाला पडला तो २०२३ च्या ८ सप्टेंबरच्या रात्री. अकरा वाजून अकरा मिनिटांनी ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याचे केंद्र मराकेशच्या नैर्ऋत्येस, उंच ॲटलासमध्येच होते. सुमारे तीन हजार माणसे मेली. अल हाऊझ प्रांतातील कित्येक वस्त्या जमीनदोस्त झाल्या. तिनमेल येथील बाराव्या शतकातील मशीद जीर्णोद्धार चालू असतानाच ढासळली. दगड आणि चिखलाच्या भिंती फाकल्या आणि वरची जड धाबी निजलेल्या माणसांवर आली.

महाराष्ट्राला ही गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या परिसरात हेच झाले. तीच जाड दगडमातीची भिंत, तेच जड माळवद, तीच झोपेची वेळ. सुमारे आठ हजार माणसे गेली. ज्या छपराने उन्हाळ्यात थंडावा आणि हिवाळ्यात ऊब दिली, तेच काळ ठरले. त्यानंतर पुष्कळ गावे नव्या जागी, सरळ रस्ते आखून उभारली गेली. घरे पक्की झाली, जीव सुरक्षित झाला आणि ते आवश्यकच होते. परंतु गल्ली, पार, ओसरी यांची जुनी वीण त्या आखणीत तशीच्या तशी उतरली नाही, ही खंत तिकडच्या माणसांच्या बोलण्यात पुढेही उरली.

ॲटलासपुढे आज तोच प्रश्न आहे. पूर्ण पडलेल्या घरासाठी शासनाने १ लाख ४० हजार दिरहम आणि अंशतः पडलेल्या घरासाठी ८० हजार दिरहम साहाय्य जाहीर केले. पैसा डोंगरात सिमेंट, विटा आणि लोखंड वाहून नेण्यातच बराच खर्ची पडतो. दगडमातीचे घर लाकडी पट्ट्यांनी बांधून, छप्पर हलके करून भूकंपास तोंड देईल असे करता येते, असे कित्येक वास्तुविशारदांचे मत आहे. ज्यांची मुले त्या मातीखाली सापडली, त्यांना मात्र पुन्हा मातीखाली निजणे नको वाटते. दूर बसून ‘त्यांनी जुनेच घर बांधावे, ते किती सुंदर होते’ असे म्हणण्याचा अधिकार प्रवाशाला नाही. घर कसे असावे हे त्यात झोपणारा ठरवील. प्रवाशाने एवढेच पाहावे की गाव सिमेंटचे झाले म्हणून आपण तिकडे जाणे सोडत नाही ना. कारण जो केवळ मातीच्या भिंती पाहण्यास जात होता, तो पाहुणा नव्हता.

भूकंपानंतर त्या डोंगरांत पहिली मदत पोहोचली ती शेजारच्या वस्त्यांतून. सडका दरडींनी बंद होत्या, तेव्हा खेचरांच्या पाठीवर रजया आणि अन्न वर गेले. जी माणसे एका पाटावर पाळीने पाणी घेत आली होती, त्यांना एकमेकांचे घर, घरातली माणसे, कोण कोठे निजते हे ठाऊक होते. म्हणून कोठे उकरावयाचे तेही ठाऊक होते. गावाच्या शांततेमागे ही परस्परांची ओळख असते, आणि भिंती पडल्या तरी ती पडत नाही.

सर्वांचे एक कोठार, प्रत्येकाची एक किल्ली आणि विश्वासाचा एक राखणदार. अम्तुदीच्या कड्यावर गावाने जे केले, त्याच्या जवळचे काही शंभर वर्षे या वास्तूतही होत आले आहे. येथून एखादे प्रवासवर्णन घरी नेणाऱ्या सभासदाला उद्या त्या डोंगरात जाण्याचा योग आला, तर त्याने पाटाच्या कडेने जपून चालावे, तीन पेले चहा घ्यावा, यजमानाला त्याच्या खऱ्या नावाने ओळखावे, आणि परत आल्यावर तेथील माणसे काय खातात, कसे राहतात, हे इब्न बतूताने आपल्याविषयी लिहिले तितक्याच आस्थेने लिहून येथे आणून ठेवावे.